एक न टाकलेले पाऊल

खेळांच्या हकीकती इतिहासात जमा कराव्यात की नाही, याविषयी आम्हा इतिहास शिकवणाऱ्यांमध्ये अजून थोडी कुरकुर आहे. तह, सनदा, रोजनिश्या, जमाखर्च ही इतिहासाची साधने. तिथे चेंडूफळीचे काय काम, असे पुष्कळांना वाटते. पण वाचकहो, एखादा समाज न्याय कसा करतो, दोष कोणाच्या पदरात टाकतो आणि एकदा टाकलेला दोष किती वर्षे जपून ठेवतो, हे पाहायचे असेल तर खेळाचे मैदान दरबारी कागदांपेक्षा कधीकधी अधिक उपयोगी पडते. तिथे साक्षीदार हजारो असतात आणि निकाल त्याच दिवशी लागतो. निदान लागला असे वाटते.

आज सांगायची हकीकत अमेरिकेतली आहे. साल १९०८, तारीख २३ सप्टेंबर, गाव न्यूयॉर्क. खेळ बेसबॉलचा. आणि तिचा नायक म्हणा, आरोपी म्हणा, एक एकोणीस वर्षांचा पोरगा आहे. त्याचे नाव फ्रेड मर्कल.

आपल्याकडे बेसबॉल फारसा खेळला जात नाही, म्हणून आधी खेळाविषयी दोन शब्द. मैदानात एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिकाणे असतात. एक घर, आणि बाकीचे पहिला, दुसरा व तिसरा बेस. फलंदाज घरापाशी उभा राहून चेंडू टोलवतो आणि पहिल्या बेसकडे पळतो. मग सहकाऱ्यांच्या टोल्यांच्या आधाराने दुसरा, तिसरा असे करत तो फिरून घरी पोचला, की एक धाव. एका बाजूचे तीन गडी बाद झाले की दुसऱ्या बाजूने खेळायचे. असे नऊ डाव. एवढे समजले तरी आपले काम भागते.

आता एक नियम मात्र नीट लक्षात ठेवा, कारण सगळे महाभारत त्याच्यावरूनच झाले. एका बेसवर दोघांना उभे राहता येत नाही. फलंदाज चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे निघाला, की तिथे आधीपासून उभा असलेल्या गड्याला जागा सोडून दुसऱ्या बेसला गेलेच पाहिजे. तो तिथे पोचण्याआधी प्रतिपक्षाच्या कोणी हातात चेंडू घेऊन त्या बेसवर पाय ठेवला, तर तो बाद. आणि अशा रीतीने बाद होणारा तो तिसरा गडी असेल, तर त्याच टोल्यावर दुसरा कोणी घरी पोचला असला तरी ती धाव धरत नाहीत. क्रिकेट पाहणाऱ्याला यात नवल वाटू नये. आपल्याकडेही एक फलंदाज धावून पलीकडे पोचला, पण त्याचा जोडीदार अर्ध्या वाटेतून तंबूकडे वळला आणि धावचीत झाला, तर ती धाव मिळत नाही. तसेच हे.

नियम पुस्तकात होता. पण रूढी निराळी होती. शेवटच्या डावात विजयाची धाव घरी पोचली, की बाकीचे गडी आहेत तिथून वळत आणि कपडे बदलण्याच्या खोलीकडे धूम ठोकत. याचे कारण प्रेक्षक. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या मैदानावर सामना संपताच लोक बाके सोडून थेट मैदानात उतरत आणि ते ओलांडून फाटकाकडे जात. त्या लोंढ्यात सापडायची खेळाडूंना धास्ती असे, आणि त्यांच्या खोल्या तर मैदानाच्या दूरच्या टोकाला. आपल्याकडच्या जुन्या कसोटी सामन्यांत लोक मैदानात कसे घुसत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. तेव्हा दुसऱ्या बेसला शिवण्याची तसदी कोणी घेत नसे, आणि पंचही तिकडे लक्ष देत नसत. वर्षानुवर्षे असेच चालले होते.

आता त्या हंगामाकडे वळू. नॅशनल लीगमध्ये आठ संघ होते. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत प्रत्येकाने १५४ सामने खेळायचे आणि ज्याचे विजय सर्वांत जास्त तो अजिंक्य. १९०८ साली सप्टेंबर उजाडला तेव्हा तीन संघ एकमेकांच्या टाचांना टाचा लावून धावत होते : न्यूयॉर्क जायंट्स, शिकागो कब्ज आणि पिट्सबर्ग पायरेट्स. शिकागोने आधीची दोन वर्षे लीग जिंकलेली होती. न्यूयॉर्कचा मॅनेजर जॉन मॅग्रॉ हा मोठा करारी आणि भांडखोर गृहस्थ, आणि त्याचा हुकमी एक्का म्हणजे क्रिस्टी मॅथ्यूसन हा पिचर. त्या एका हंगामात मॅथ्यूसनने ३७ सामने जिंकून दिले.

आणि लोक? लोकांना तर वेडच लागले होते. अमेरिकेत आजही मैदानामैदानांवर जे गाणे म्हणतात ते ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’ त्याच १९०८ सालचे. मैदानात जागा मिळेना म्हणून माणसे आसपासच्या टेकाडांवर आणि घरांच्या छपरांवर बसत. ज्यांना तेही जमत नसे ते वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांसमोर भर रस्त्यात उभे राहत. आतून तारेने बातमी येई आणि बाहेरच्या मोठ्या फळ्यावर ती मांडली जाई. कोण कितव्या बेसवर आहे, किती बाद, किती धावा. त्या फळ्याकडे पाहून माणसे ओरडत, टोप्या उडवत, एकमेकांना मिठ्या मारत. रेडिओ अजून यायचा होता. बेसबॉलच्या सामन्याचे पहिले धावते वर्णन पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून झाले ते ५ ऑगस्ट १९२१ रोजी. पण न दिसणारा सामना मनाने पाहण्याची विद्या लोकांनी त्याआधीच साध्य केली होती. आपल्याकडे इराण्याच्या हॉटेलातल्या रेडिओभोवती कान देऊन उभे राहिलेल्या पिढीला ही विद्या शिकवावी लागणार नाही.

अशा या धामधुमीत ४ सप्टेंबर रोजी पिट्सबर्ग येथे एक लहानशी गोष्ट घडली. शिकागो आणि पिट्सबर्ग यांचा सामना दहाव्या डावापर्यंत लांबला. धाव एकही नाही. मग पिट्सबर्गच्या एकाने चेंडू टोलवला, तिसऱ्या बेसवरचा गडी घरी पोचला आणि सामना संपला. पहिल्या बेसवर वॉरन गिल नावाचा एक नवखा खेळाडू होता. तो रूढीप्रमाणे मधूनच वळला. पण शिकागोच्या बाजूने दुसऱ्या बेसपाशी जॉनी एव्हर्स उभा होता. हा एव्हर्स म्हणजे चणीने किडकिडीत आणि स्वभावाने वकील. त्याने चेंडू मागवला, बेसवर पाय ठेवला आणि पंच हँक ओडे यांना म्हणाला, गिल बाद आहे, धाव धरू नका. ओडे एकटेच पंच होते. आपण ते पाहिलेच नाही असे सांगून त्यांनी अपील फेटाळले. शिकागोने लीगचे अध्यक्ष हॅरी पुलिअम यांच्याकडे तक्रार केली. तीही फेटाळली गेली. सामना पिट्सबर्गचा ठरला. वर्तमानपत्रांत थोडा गवगवा झाला आणि लोक विसरले. विसरले नाहीत दोघे : एक एव्हर्स आणि दुसरे स्वतः ओडे.

यानंतर तीन आठवडेही झाले नाहीत तोच २३ सप्टेंबर उजाडला. पोलो ग्राउंड्सवर न्यूयॉर्क विरुद्ध शिकागो. न्यूयॉर्कचा नेहमीचा पहिल्या बेसचा खेळाडू फ्रेड टेनी अनुभवी आणि भरवशाचा; पण त्या दिवशी त्याची कंबर धरली. मॅग्रॉने बाकावर नजर टाकली आणि मर्कलला उभे केले. विस्कॉन्सिनमध्ये जन्मलेला, ओहायोतल्या टोलेडो गावी वाढलेला हा पोरगा आदल्या वर्षी संघात आला होता. हंगामभर तो बहुधा बाकावरच बसून होता. सुरुवातीपासून खेळायची त्या हंगामातली त्याची ही पहिलीच वेळ. आणि पंच कोण? हँक ओडे, आणि त्यांच्या जोडीला बॉब एम्सली.

पाचव्या डावात शिकागोच्या जो टिंकरने एक धाव केली, सहाव्यात न्यूयॉर्कने बरोबरी साधली. एकेक धाव अशीच नवव्या डावाची अखेर आली. न्यूयॉर्कचे दोन गडी बाद झालेले, पहिल्या बेसवर मकॉर्मिक, आणि फलंदाजीला आला मर्कल. आता पाहा, त्या प्रचंड ताणाच्या क्षणी या मुलाने काय केले? त्याने सुरेख टोला मारला. स्वतः पहिल्या बेसवर पोचला आणि मकॉर्मिकला तिसऱ्यावर पोचवले. विजय घराच्या उंबरठ्याशी आणून ठेवला तो मर्कलनेच. पुढे शंभर वर्षे लोकांनी जे सांगितले त्यात हा भाग मात्र सहसा नसतो.

पुढचा फलंदाज अल ब्रिडवेल. त्याने पहिल्याच चेंडूवर मधोमध सणसणीत टोला लगावला. चेंडू इतका सरळ आला की तो चुकवताना पंच एम्सली जमिनीवर आडवे झाले. मकॉर्मिक घरी आला. दोन विरुद्ध एक! लोकांचा बांध फुटला आणि मैदानात माणसांचा पूर आला. मर्कल दुसऱ्या बेसच्या वाटेवर होता. त्याने समोरून येणारा लोंढा पाहिला, ज्येष्ठ खेळाडू करत आले तेच केले, आणि खोलीकडे वळला.

इकडे एव्हर्स दुसऱ्या बेसवर उभा राहून चेंडूसाठी ओरडत होता.

यानंतरच्या पाच मिनिटांत काय घडले हे ठरवणे म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्याची खरी परीक्षा आहे. शिकागोच्या हॉफमनने दुरून चेंडू फेकला, तो भलतीकडे गेला. न्यूयॉर्कचा मॅकगिनिटी त्या दिवशी खेळत नव्हता, पण धावणाऱ्यांना सूचना देण्यासाठी मैदानात उभा होता. त्याला डाव कळला. झटापट करून त्याने चेंडू पकडला आणि गर्दीत भिरकावून दिला. मग शिकागोच्या एका राखीव खेळाडूने तो एका प्रेक्षकाकडून हिसकावून आणला, असे शिकागोकर सांगत. न्यूयॉर्ककर म्हणत, छे! तो चेंडू तो नव्हेच. एव्हर्सच्या हातात आला तो कुठला तरी दुसराच. मर्कल नंतर परतून बेसला शिवला होता असे सांगणारेही निघाले. प्रत्येक साक्षीदाराने शपथेवर सांगावे इतक्या ठामपणे सांगितले, आणि प्रत्येकाची साक्ष आपापल्या गावाच्या बाजूने पडली. निश्चित आहे ते एवढेच : एव्हर्स कुठलासा चेंडू हातात धरून दुसऱ्या बेसवर उभा होता, आणि मर्कल त्या वेळी तिथे नव्हता.

एम्सली म्हणाले, मी पडलो होतो, मला काही दिसले नाही. ओडे यांनी मात्र या वेळी पाहिले होते. पिट्सबर्गला हातून निसटलेली गोष्ट त्यांनी मनात ठेवली असावी. त्यांचा निर्णय असा : मर्कल बाद, धाव नामंजूर, सामना बरोबरीत. मैदान माणसांनी भरलेले, अंधार पडत चाललेला. तेव्हा खेळ पुढे चालू करणे अशक्य. पण हा निर्णय त्या हजारो प्रेक्षकांच्या कानी पोचणार कसा? ते विजय झाला म्हणून गाणी म्हणत घरी गेले. आपण जिंकलेला सामना पाहिला नव्हे, हे त्यांना नंतर कळले.

पुढे तक्रारींचा पाऊस पडला. न्यूयॉर्क म्हणे, आम्ही जिंकलो. शिकागो म्हणे, तुमच्या लोकांनी मैदान अडवले म्हणून आम्ही जिंकलो. अध्यक्ष पुलिअम यांनी दोघांचेही म्हणणे बाजूला सारले आणि पंचांचा शब्द कायम केला. न्यूयॉर्कने वर दाद मागितली. लीगच्या संचालकांनीही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तोच निकाल दिला आणि गरज पडल्यास ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा खेळावा असे फर्मावले.

गरज पडली! आणि ती कशी पडली हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्या वादग्रस्त दिवसानंतर न्यूयॉर्कचे पुष्कळ सामने उरले होते. ते नीट जिंकले असते तर २३ सप्टेंबरची बरोबरी कोणाच्या खिजगणतीतही राहिली नसती. पण फिलाडेल्फियाच्या संघात हॅरी कोव्हेलेस्की नावाचा बावीस वर्षांचा एक नवा पिचर आला होता, पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. या अनोळखी पोराने २९ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर या पाच दिवसांत न्यूयॉर्कला तीनदा हरवले. तीनदा! नियतीचा खेळ पाहा : एका तरुणाच्या नावावर तीन पराभव असून त्याला लोकांनी ‘जायंटांचा काळ’ म्हणून डोक्यावर घेतले, आणि दुसऱ्या तरुणाच्या एका बरोबरीच्या सामन्यासाठी त्याला जन्मभर पायदळी तुडवले.

न्यूयॉर्कने शेवटी बॉस्टनला ओळीने तीनदा हरवून कशीबशी शिकागोची बरोबरी गाठली. दोघांचेही ९८ विजय आणि ५५ पराभव. आता ८ ऑक्टोबरचा फेरसामनाच काय तो निकाल लावणार.

त्या दिवशी पोलो ग्राउंड्सवर जे झाले त्याला सामना म्हणावे की दंगा, हा प्रश्नच आहे. सामन्याच्या कितीतरी आधी फाटके बंद करावी लागली. आत जागा नाही आणि बाहेर हजारो. लोकांनी कुंपण फोडले. मैदानामागच्या कूगन्स ब्लफ या टेकडीवर माणसांचा थवा बसला. उंचावरून जाणाऱ्या आगगाडीच्या खांबांवर माणसे चढली. तिथून पडून एक जण मरण पावल्याचीही नोंद आहे. सामन्याआधी पंचांना लाच देऊ करण्यात आली होती, असे पंचांनीच पुढे कळवले आणि त्याची चौकशीही झाली. शिकागोचा पहिला पिचर लवकरच डळमळला. मग मॉर्डेकाय ब्राउन आला. लहानपणी शेतातल्या चारा कापण्याच्या यंत्रात याच्या उजव्या हाताची बोटे सापडली होती, आणि त्या मोडक्या पंजानेच तो चेंडूला अशी काही फिरकी देई की फलंदाज चकित होत. तिसऱ्या डावात थकलेल्या मॅथ्यूसनला शिकागोने चार धावा ठोकल्या. न्यूयॉर्कच्या दोनच झाल्या. चार विरुद्ध दोन; लीग शिकागोची. पोलिसांच्या बंदोबस्तात शिकागोच्या खेळाडूंनी खोली गाठली. नंतर डेट्रॉइटला हरवून ते वर्ल्ड सीरिजही जिंकले, आणि ती पुन्हा जिंकायला त्यांना २०१६ साल उजाडावे लागले. १०८ वर्षे!

टेनी बरा होऊन परत आला होता. मर्कल त्या दिवशी बाकावर बसून हे सारे पाहत होता. सामना संपला आणि शहराने गुन्हेगार ठरवून टाकला. ‘बोनहेड’, म्हणजे हाडाच्या डोक्याचा, आपल्या भाषेत मठ्ठ, हे विशेषण त्याच्या नावाला कायमचे चिकटले. वर्तमानपत्रांनी ते छापले, प्रेक्षकांनी ते बाकांवरून ओरडून सांगितले, आणि गल्लीतल्या पोरांनी ते पाठ केले.

आता आपण थोडे शांतपणे पाहू. निकाल चूक होता काय? माझ्या मते नव्हता. नियम स्पष्ट होता आणि ओडे यांनी तो निर्भयपणे पाळला. वीसेक हजार संतापलेल्या यजमानांसमोर असा निर्णय द्यायला छाती लागते. २०१३ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव दाखल झाले, ते योग्यच झाले. पण निकाल बरोबर असणे आणि दोष योग्य माणसाच्या माथी जाणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जी रूढी सगळे वडीलधारे पाळत होते, जिच्याकडे पंच वर्षानुवर्षे काणाडोळा करत होते, ती एका सकाळी मोडीत निघाली. तशी दवंडी कोणी पिटली नव्हती. पिट्सबर्गची तक्रार छापून आली होती. मग आपल्या गड्यांना, निदान बाकावरून प्रथमच उठलेल्या पोराला, सावध करण्याचे काम कोणाचे? मॅनेजरचे, कप्तानाचे, जुन्या खेळाडूंचे. तरुण माणूस पुस्तक वाचून शिकत नाही. थोरांकडे पाहून शिकतो. थोरांनी पुस्तक आणि वागणूक यांत अंतर ठेवायचे आणि त्या अंतरात पडला म्हणून लहानाला बोल लावायचा, हा न्याय अमेरिकेपुरता नाही. आपापल्या घरात आणि कचेरीत पाहिले तरी त्याची उदाहरणे सापडतील.

मॅग्रॉच्या बाबतीत एवढे म्हटले पाहिजे की हा तापट माणूस इथे मोठ्या मनाने वागला. त्याने मर्कलला एका शब्दाने दुखावले नाही. उलट पुढच्या हंगामात त्याचा पगार वाढवला आणि पुढे त्याला पहिल्या बेसवर कायम केले. आणि पोरगाही मठ्ठ नव्हता हो! डावपेचांच्या गोष्टीत मॅग्रॉ ज्याचा सल्ला घेई असा मर्कलच, असे त्याच्या सहकाऱ्यांनी म्हातारपणी सांगितले. मर्कल पुढे १९२६ पर्यंत मोठ्या संघांतून खेळला, दीड हजारांहून अधिक यशस्वी टोले त्याच्या नावावर आहेत आणि पाच वेळा त्याचा संघ वर्ल्ड सीरिजपर्यंत पोचला. पाचही वेळा हरला, आणि प्रत्येक वेळी लोकांना १९०८ आठवले. ज्याच्या टोल्यावर हे सारे घडले तो ब्रिडवेल तर अखेरपर्यंत हळहळत राहिला : मी त्या वेळी बाद झालो असतो तर बरे, त्या पोरामागे हे लचांड लागले नसते.

अध्यक्ष पुलिअम यांची कथा अधिक करुण आहे. मूळचा हळवा माणूस. कामाचा आणि टीकेचा ताण त्यांना सोसवला नाही. जुलै १९०९ मध्ये त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. केवळ या एका वादामुळे, असे म्हणणे म्हणजे पुन्हा तीच चूक करणे होईल. पण त्यांच्या शेवटच्या वर्षावर या वादाची सावली होती, हे नाकारता येत नाही.

लोकस्मृतीला गुंतागुंत आवडत नाही, वाचकहो. तिला एक माणूस, एक क्षण आणि एक चूक हवी असते. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या मागे गारद्यांचा थकलेला पगार होता, घरातला सत्तेचा तंटा होता, कारस्थानी माणसे होती. पण आपल्या लोकांच्या तोंडी राहिले काय? ‘ध’चा ‘मा’. एका अक्षरावर सगळा १७७३ चा डोलारा उभा! तिकडे एका पावलावर सगळा १९०८ चा. आणि हा स्वभाव एका पिढीने जाणारा नाही. १९१२ साली न्यूयॉर्कच्याच फ्रेड स्नॉडग्रासच्या हातून एक सोपा झेल सुटला. पुढे तो एका गावाचा मेयरही झाला, पण १९७४ साली वारला तेव्हा न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राने मृत्यूच्या बातमीच्या मथळ्यात तो सुटलेला झेल छापला. बासष्ट वर्षांनी!

मग या प्रेक्षकांना आपण दुष्ट म्हणायचे काय? नाही. हंगामाच्या अखेरीला पराभव झाला की त्या दुःखाला कुठेतरी जागा द्यावी लागते. १५४ सामन्यांत ते दुःख पसरून ठेवता येत नाही. एका माणसाच्या नावावर ते चटकन मावते. पण त्या सोयीची किंमत तो माणूस मोजत असतो, आणि बहुधा तो संघातला सर्वांत लहान असतो. हिशेबाच्या वहीत पाहिले तर कोव्हेलेस्कीने हरवलेल्या तीन सामन्यांतला कुठलाही एक जिंकला असता तरी लीग न्यूयॉर्कची होती. ही वही तेव्हाही उघडी होती. ती पाहण्याचे कष्ट मात्र फार थोड्यांनी घेतले.

लोकांच्या पदरी एक गोष्ट मात्र टाकली पाहिजे. बराच काळ मर्कल जुन्या खेळाडूंच्या समारंभांपासून दूरच राहिला. पुन्हा ती हाक ऐकू येईल ही भीती. अखेर १९५० साली तो पोलो ग्राउंड्सवर आला. वय एकसष्ट. मैदान तेच, टेकडी तीच. तो बाहेर येऊन उभा राहिला तेव्हा लोकांनी त्याला चिडवले नाही, टाळ्यांचा कडकडाट केला. १९५६ साली फ्लोरिडात तो वारला. न्यूयॉर्कचा तो संघ १९५७ नंतर सॅन फ्रान्सिस्कोला गेला, आणि १९६४ साली ते मैदानही पाडले गेले.

बेचाळीस वर्षांनी का होईना, ज्या बाकांवरून दोष आला त्याच बाकांवरून माफी आली. पण माफी ही देखील दोष गृहीत धरते. मर्कलला हवी होती ती माफी नव्हे, चौकशी. आणि चौकशी करणे हेच तर इतिहासाचे काम आहे. पुढच्या वेळी हंगामाच्या अखेरच्या सामन्यात एखाद्या नव्या पोराच्या हातून झेल सुटेल, आणि आपण संतापाने उठून उभे राहू, तेव्हा ओरडण्याआधी एकदा धावफलकाकडे नीट पाहावे. तो पराभव बहुधा पुष्कळ हातांनी मिळून लिहिलेला असतो.